किमान तीन खराब

“तुम्ही दोघी मैत्रिणी का?” फडतरे मॅडमनी विचारलं आणि मी आणि नौशीन एकदमच ओरडलो, “नाही!”

एवढ्या जोरात, की प्राचार्यांच्या हातातला चहा बशीत सांडला. मॅडमनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं आणि समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. म्हटलं, झालं, एका सुरात बोललो तेही आता कॉपीतच धरणार ह्या बाई.

मॅडम विद्यापीठाकडून चौकशीला आल्या होत्या. याला आता बरीच वर्षं झाली. आमच्या बोरगावच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला संख्याशास्त्र घेणाऱ्या आम्ही दोघीच होतो, मी हर्षदा कोष्टी आणि ती नौशीन मणेर. त्या वर्षी पहिल्यांदाच सगळ्या कॉलेजांना मिळून एक पेपर निघाला, तोही पर्यायांचा, आणि केंद्र जिल्ह्याच्या गावी. तिथं नौशीन नेमकी माझ्या मागच्या बाकावर आली. निकाल राहिला बाजूला, हातात चौकशीचं पत्र पडलं. दोघींची आठ उत्तरं चुकली होती, आणि आठही ठिकाणी दोघींनी एकच चुकीचा पर्याय काळा केला होता.

आता खरं सांगायचं तर आमचं दोघींचं दिवाळीपासून बोलणं बंद होतं. गॅदरिंगच्या नाचात पुढच्या रांगेत कोण, यावरून भांडण झालं होतं. वर्गात इनमिन दोन पोरी, एक खिडकीकडे तोंड करून बसलेली, दुसरी दाराकडे, आणि मधे आमचे सनगर सर बिचारे एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत शिकवायचे. मी हिच्या पेपरात डोकावणार? हिला मी खोडरबरसुद्धा दिलं नसतं. पण हे चौकशीत सांगून कोण ऐकणार होतं?

“हे बघा,” मॅडम म्हणाल्या. त्या अजिबात आवाज चढवत नव्हत्या, त्यामुळे मला जास्तच घाम फुटत होता. त्यांनी पर्समधून कॅल्क्युलेटर काढला. “प्रत्येक प्रश्नाला चुकीचे पर्याय तीन. दोघी आपापल्या मनानं चुकल्या असत्या, तर तोच पर्याय जुळायची शक्यता तिनात एक. आता आठपैकी आठ जुळायची शक्यता काढू. द्विपदी वितरण, तुम्ही शिकलाच आहात.”

त्यांनी बटणं दाबली आणि स्क्रीन आमच्याकडे फिरवली. दशांश चिन्हापुढे नुसती शून्यंच शून्यं, आणि मग कुठंतरी एक आकडा.

“दहा हजारांत जेमतेम दीड,” मॅडम म्हणाल्या. “मग मी काय समजू? तुम्हीच सांगा.”

काय सांगणार, कपाळ! वर्षभर जे गणित घोकलं त्यानंच आमचा गळा धरला होता. नौशीनच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं आणि मला तिचा रागच आला. रडतेस कशाला गं, म्हटलं, रडलीस की संपलंच की सगळं.

कोपऱ्यातल्या खुर्चीतून सनगर सर उठले. “मॅडम, ह्या पोरी मी घडवल्यात. एक वेळ नापास होतील, पण कॉपी नाही करायच्या. यांनी कॉपी केल्याचं सिद्ध झालं तर मी राजीनामा देतो. आत्ता, इथं लिहून देतो.”

“सर, बसा हो खाली,” प्राचार्य म्हणाले.

“नाही बसत. विचारा की त्यांना काहीही. समोर सोडवून घ्या.”

सर बोलले ते मनापासून बोलले. बारावीनंतर आमच्या आप्पांनी माझं शिक्षण थांबवायचं ठरवलं होतं. आप्पा यंत्रमागावर कामाला. सर चार वेळा आमच्या घरी आले, मागाच्या खडखडाटात घसा फुटेस्तोवर ओरडून आप्पांना समजावलं, आणि शेवटी आप्पाच कंटाळून म्हणाले, न्या बाबा पोरगीला. आमच्या कॉलेजात संख्याशास्त्राला मुलं मिळेनात म्हणून तो विषय बंद करणार होते. सर दारोदार फिरले आणि दोन पोरी मिळवल्या. माजी विद्यार्थ्यांच्या मागे लागून नवे कॅल्क्युलेटर आणले. रविवारीही शिकवायचे. असा माणूस आमच्यासाठी आपली नोकरी टेबलावर ठेवून उभा होता.

मॅडमनी थोडा विचार केला. “ठीक आहे. समोर सोडवून घेऊ. एकीला आत ठेवते, दुसरी बाहेर. दोघींना एकच उदाहरण. नंतर काय ते लिहीन.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “हे सिद्ध झालं तर तीन वर्षं कुठल्याही परीक्षेला बसता येणार नाही, कल्पना आहे ना?”

कल्पना होती. आप्पा बाहेर बाकावर बसले होते. सकाळी एसटीतून उतरताना ते मला म्हणाले होते, “हर्षे, केलं असशील तर आत्ता सांग. मी इथनंच माघारी जातो. पण मग उद्यापासनं मागाच्या सुताच्या कांड्या भरायला बसायचं, कॉलेजचं नाव काढायचं नाही.” मी रागानं म्हटलं होतं, नाही केलं, नाही केलं, नाही केलं! आप्पांनी मान हलवली होती. त्यांचा विश्वास बसला की नाही ते मला कळलं नव्हतं.

मॅडमनी ती आठ चुकलेली उदाहरणं एकदा आम्हाला वाचून दाखवली आणि मला बाहेर काढलं.

“काय म्हणाल्या?” आप्पांनी विचारलं.

“उदाहरण घालणारेत. समोर सोडवायचं.”

“येतं नव्हं तुला?”

“येतं की.”

मी त्यांच्या शेजारी बसले. हातात माझा कॅल्क्युलेटर. ती आठ उदाहरणं डोक्यात फिरत होती. किमान पाच बिया रुजतील. किमान दोन विद्यार्थी गैरहजर असतील. किमान चार खेळाडू... आणि मी बसल्या जागी ताठ झाले. आठही उदाहरणांत ‘किमान’ होतं. ‘नेमके पाच’, ‘जास्तीत जास्त पाच’ असलं एकही चुकलं नव्हतं. आणि ‘किमान’चं कसं करायचं ते आम्हाला सरांनी शिकवलं होतं. कॅल्क्युलेटरला आकडा द्यायचा, तो तिथपर्यंतची सगळी शक्यता बेरीज करून देतो, ती एकातून वजा करायची, झालं. शंभरदा केलं असेल आम्ही ते.

मी साधं उदाहरण घेतलं, बोटांवर मोजता येईल असं. दोन नाणी उडवली. किमान एक छापा. छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. चारांतले तीन. म्हणजे पाऊण. मग तेच कॅल्क्युलेटरवर सरांच्या पद्धतीनं केलं. आलं पाव.

पुन्हा केलं. पावच.

अगं बाई! यंत्र एकपर्यंतची शक्यता देत होतं, म्हणजे शून्य छापा आणि एक छापा दोन्ही. ते सगळं वजा केलं की एक छापाही गेला. पण तो तर आपल्याला हवा होता! ‘किमान एक’ म्हणजे एकसुद्धा चालतो. वजा करायचं ते फक्त शून्यापर्यंतचं, एक पायरी अलीकडं. सर एक पायरी पुढं जाऊन वजा करायला शिकवत होते. आणि पेपर काढणारानं नेमकी हीच चूक ओळखून तसा पर्याय घालून ठेवला होता. म्हणून आठ. म्हणून दोघींचे आठही तेच.

“काय झालं गं? पांढरी पडलीस,” आप्पा म्हणाले.

“काही नाही.”

“पाणी आणू?”

“नको म्हटलं ना, आप्पा!”

मला त्यांच्यावर ओरडायचं नव्हतं, पण काय करू? आतमध्ये सर राजीनाम्याची भाषा करून बसले होते आणि इथं माझ्या मांडीवर त्यांची चूक होती. कुणाला सांगू? आत जाऊन म्हणू, मॅडम, आमच्या सरांनीच चुकीचं शिकवलं? त्यांच्या तोंडावर? ज्या माणसामुळं मी त्या इमारतीत पाय ठेवला त्याच्या?

मग मनात आलं, आपण बरोबर सोडवू. सरांचं नाव निघणार नाही. तेवढ्यात दुसऱ्या मनानं सांगितलं, वेडी का तू? आत नौशीन सरांच्याच पद्धतीनं करत असणार. तिचं एक उत्तर, तुझं दुसरं. मॅडम म्हणणार, एकीला येतं, एकीला येत नाही, आणि पेपरात मात्र दोघींचं तंतोतंत सारखं. म्हणजे बघितलंच आहे. झालं मग. आणि चुकीचं सोडवलं तर? दोघींचं तेच चुकीचं उत्तर येईल, वेगवेगळ्या वेळी, एकमेकींना न बघता. मग कुणालाही कळेल की ही चूक पेपरातून नाही, शिकवण्यातून आलीय. आम्ही सुटू. आणि सर उघडे पडतील.

मी देवाचं नाव घेतलं, पण देवाला तरी काय सांगणार होते मी! आता पाणी हवं होतं, आणि पाणी तर मीच नको म्हटलं होतं.

दार उघडलं. नौशीनला ग्रंथालयाच्या खोलीत नेऊन बसवलं. जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळे सुजले होते बिचारीचे. तिच्या बापाचं सायकलचं दुकान होतं आणि तो आलाच नव्हता, तिनं घरी सांगितलंच नव्हतं. तिची तीन वर्षं पण माझ्याच हातात आहेत, हे तिला कुठं माहीत होतं.

“कोष्टी, आत या.”

मॅडमसमोर एक घडी घातलेली चिठ्ठी होती. नौशीनचं उत्तर. सर माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, “घाबरू नको. शिकवलंय तसं कर.”

मॅडमनी वाचलं, “एका कारखान्यात दहा बल्बांमागे एक खराब निघतो. वीस बल्ब तपासले. किमान तीन खराब निघण्याची शक्यता किती?”

मी कॅल्क्युलेटरच्या यादीतून द्विपदी निवडलं. वीस घातले. शून्य दशांश एक घातला. मग तो आकडा मागायला लागला. दोन की तीन.

बोट दोनवर होतं. खरंच होतं. मला बरोबर येत होतं हो, आणि वर्षभर शिकलेल्या पोरीला बरोबर येत असताना चूक करायची म्हणजे काय असतं, ते कसं सांगू. मला आप्पांचं तोंड दिसलं. कांड्या भरायचं चाक दिसलं. नौशीनचे सुजलेले डोळे दिसले. पाठीमागं सरांचा श्वास ऐकू येत होता, तेही माझ्याइतकेच घाबरले होते.

मी तीन दाबला.

आलेलं एकातून वजा केलं. “शून्य दशांश एक तीन तीन,” मी म्हणाले.

आणि माझ्या मागून सर ओरडले, “शाब्बास! बरोबर!”

मॅडमनी चिठ्ठी उघडली आणि प्राचार्यांपुढे सरकवली. सरांनी वाकून बघितलं आणि त्यांना जग जिंकल्याचा आनंद झाला. “बघा! तीन तीन! दोघींचंही बरोबर! वेगवेगळ्या बसून! मी काय सांगत होतो? आता बोला मॅडम!”

मी खाली मान घातली. फरशीचे तुकडे मोजावे असं वाटत होतं, म्हणजे तरी ऐकू येणार नाही.

चोरून मॅडमकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांना कळलंय. मग त्या खूप सांभाळून म्हणाल्या, “सर, दोन नाणी उडवली तर किमान एक छापा पडायची शक्यता किती?”

सर हसले. “हे काय विचारणं झालं का? पाऊण.”

“एकदा यंत्रावर करता? मुलींना शिकवलंत तसंच.”

“करतो की.” सरांनी आपला कॅल्क्युलेटर काढला आणि बटणं दाबली. थांबले. पुसून पुन्हा दाबली. “सेल उतरलाय वाटतं,” ते म्हणाले. मग माझ्यापुढचा कॅल्क्युलेटर त्यांनी घेतला, न विचारता. पुन्हा तीच बटणं. मी वर बघितलं नाही. पण त्यांची बोटं बटणांवरून निघाली ती परत टेकली नाहीत, एवढं दिसलं.

प्राचार्यांना काही समजलं नव्हतं, ते एकदा सरांकडे, एकदा मॅडमकडे बघत होते. “काय झालं? बरोबर नाही का?” त्यांनी विचारलं.

“नॉर्मल वितरणात चालतं हे,” सर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. “तिथं एका आकड्याला काही वजन नसतं, घेतला काय आणि सोडला काय. मी तीच सवय इथं... यंत्र नव्हतं तेव्हा एकेक पद हातानं मांडत होतो. तेव्हा नव्हतो चुकत.”

“कळलं, सर,” मॅडम म्हणाल्या. मग त्या प्राचार्यांकडे वळल्या. “एकाच पद्धतीनं चुकल्या तर उत्तरंही एकच येणार. मी आठ प्रश्न सुटे-सुटे धरून हिशेब केला, तो माझाही चुकला. कॉपी झालेली नाही. तसा अहवाल मी आजच देते.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “जा बाळ. वडलांना सांग.”

मी उठले. सरांकडे बघायची हिंमत झाली नाही.

बाहेर आप्पा उभेच होते. मी म्हटलं, सुटलो. आप्पांनी डोक्यावरची टोपी काढून तोंड पुसलं आणि माझ्या पाठीवर एक थाप मारली, चांगली सणसणीत. ग्रंथालयाच्या दारात नौशीन उभी होती. मी तिला हातानंच ‘मिटलं’ अशी खूण केली.

“एक तीन तीन?” तिनं विचारलं.

“एक तीन तीन.”

ती धावत येऊन माझ्या गळ्यात पडली आणि मग मात्र मलाही रडू फुटलं.

एवढ्यात सर बाहेर आले. आप्पा पुढं झाले आणि त्यांनी सरांचे दोन्ही हात धरले. “सर, तुम्ही होता म्हणून माझी पोरगी सुटली. तुमचे उपकार कसे फेडू?”

सरांचा चेहरा मला बघवेना. हात सोडवून घेऊन ते आप्पांना एवढंच म्हणाले, “जरा पाच मिनिटं हिला ठेवतो.”

आम्ही आमच्या वर्गात गेलो. सर टेबलामागं गेले नाहीत, पहिल्या बाकावर बसले, जिथं मी बसायची.

“तुला ठाऊक होतं?”

खोटं बोलावंसं फार वाटलं. “हो, सर.”

“कधीपासनं?”

“आत्ताच. बाहेर बसले होते तेव्हा.”

“म्हणजे आत आलीस तेव्हा ठाऊक होतं. आणि तरी माझ्याच पद्धतीनं केलंस.”

“सर, मी काय करणार होते?” मी हमसून हमसून रडत म्हणाले. “बरोबर केलं असतं तर आम्ही दोघी चोर ठरलो असतो. मला तुमचं नाव घ्यायचं नव्हतं, सर, आईशप्पथ. मला वाटलं, तुम्ही गप्प बसाल. तुम्ही शाब्बास कशाला म्हणालात?”

“रडू नको,” सर म्हणाले. “बरोबर केलं असतंस ना, तर मॅडमच्या आधी मीच म्हटलं असतं, चुकलीस. सगळ्यांच्या देखत. आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं असतं, कोष्ट्याच्या पोरीनं कॉपीच केली होती गं, तिला साधं ‘किमान’ येत नव्हतं.”

मी डोळे पुसले. सरांनी बाकावर थोडं सरकून मला शेजारी जागा केली आणि कॅल्क्युलेटर माझ्यापुढं ठेवला.

“तेच बल्बचं कर,” ते म्हणाले. “आता बरोबर.”

मी वीस घातले, शून्य दशांश एक घातला आणि दोन दाबला. सर माझ्या बोटांकडे टक लावून बघत होते.

“तीन नाही घालायचा?”

“नाही, सर. तीन आपल्याला हवाय ना. तो वजा करायचा नाही. दोनपर्यंतचंच वजा करायचं.”

उत्तर आलं. सरांनी ते वाचलं, खिशातून पेन काढलं आणि एक पाठकोरा कागद गुडघ्यावर पसरला.

“पुन्हा कर,” ते म्हणाले. “सावकाश कर. मी लिहून घेतो.”